देवचार नव्हे, गिऱ्हा

गोव्यातल्या फोंड्याच्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चौथीच्या मुलांनी 'पोकेमॉन' या कार्टून मालिकेतल्या हॉन्टर या खोडकर भुतावर नाटुकलं बसवलंय, संवाद मराठीत आहेत, आणि पात्रांच्या यादीत कुणीतरी 'हॉन्टर (देवचार)' असं लिहून ठेवलंय. हे चालेल का, नसेल तर कोणता शब्द घ्यावा, आणि 'पिशाच' लिहायचं की 'पिशाच्च'?

शेवटचं आधी उरकतो. संस्कृतात पिशाच, मराठीत रूढ झालं ते पिशाच्च. मराठी नाटुकल्यात जोडाक्षर लिहा.

आता देवचार. हे मी सारखं ऐकतो आणि दर वेळी चिडतो. पडद्यावर काही काळंजांभळं, उडतं, दात विचकणारं दिसलं की पणजीपासून पेडण्यापर्यंत आईबाप मुलांना सांगतात, 'तो बघ देवचार.' अहो, देवचार म्हणजे गावचा राखणदार. रात्री वेशीवरून, बांधावरून फिरणारा, हातात काठी घेतलेला, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा. त्याला रोट देतात, विडी देतात, सोरो म्हणजे दारू देतात. शब्दातच त्याचं काम सांगितलंय: देव आणि चार, म्हणजे हिंडणारा देव. ख्रिस्ती कोंकणीत याच शब्दाला सैतान हा अर्थ आला आणि प्रार्थनेच्या भाषेतून तो पक्का झाला. तिथे तो त्यांच्या जागी बरोबर आहे. पण ज्या घरात आजही राखणदाराच्या नावानं रोट निघतो, त्या घरातल्या मुलाला देवचार म्हणजे वाकुल्या दाखवणारं भूत असं शिकवणं मला मुळीच पटत नाही. यादीतून तो शब्द आजच काढा.

मग हॉन्टरला काय म्हणायचं? आधी तो करतो काय ते बघा. १९९७ साली जपानमध्ये सुरू झालेल्या मूळ मालिकेत जादूटोण्यासारखी मनःशक्ती असलेल्या सब्रिनाला हरवण्यासाठी मालिकेचा नायक ॲश भुताच्या शोधात लॅव्हेंडर गावच्या मनोऱ्यात जातो. तिथं त्याच्या आणि त्याचा सोबती पोकेमॉन पिकाचूच्या अंगावर झुंबर कोसळतं. हॉन्टर दोघांचे जीव शरीराबाहेर ओढून काढतो, आणि कशासाठी, तर खेळायला गडी हवेत म्हणून! पुढे तो ॲशबरोबर निघतो, पण त्याला कुणी पोकेमॉन पकडायच्या चेंडूत पकडलेलं नाही, आपल्या मर्जीनं निघतो. ऐन लढतीच्या वेळी गायब होतो, मग मर्जीनंच उगवतो आणि धडापासून सुटे असलेले ते अधांतरी हात नाचवत, तोंडं वेडीवाकडी करत सब्रिनाला हसवतो. ती हसते तसा तिच्याशी मनानं जोडलेला तिचा पोकेमॉन कडाब्राही हसत लोळतो, लढत तिथंच संपते. शेवटी हॉन्टर सब्रिनाकडेच राहतो. म्हणजे धरतो, खेळवतो, हसवतो, सोबत करतो आणि वाटेल तेव्हा सोडून जातो. नाटुकल्यासाठी शब्द निवडायचा तो या स्वभावावरून. रंगावरून कसा निवडणार?

आपल्याकडे भुतांची नावं उदंड. खवीस नको, तो अरबी 'खबीस', मुळातच दुष्ट. मुंजा मुंज झालेल्या पोराचा, म्हणून खेळकर वाटेल, पण तो पिंपळ सोडत नाही. समंध म्हणजे संबंध, वासना कुठंतरी अडकून राहिलेला. त्याला कुणाला हसवायची हौस नसते. चकवा वाट चुकवतो खरा, पण त्याला ना तोंड ना हात, रंगमंचावर उभा काय करणार?

उरतो गिऱ्हा. आणि हाच माझा लाडका शब्द.

गिऱ्हा हे पाण्यातलं भूत, बोलीत गिरो. रात्री खाडी उतरणाऱ्याला फसवतो, गुडघाभर पाणी दाखवतो आणि गळ्यापर्यंत नेतो, मासळी मागतो, टोपली पळवतो. आमच्याकडे मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, रात्री जाळं लावणारे म्हातारे सांगत, त्याचा एक केस जरी तुमच्या हाती लागला तर तो तुमच्या घरी येऊन पडेल ते काम करतो. मात्र त्याची नजर सारखी त्या केसावर. केस सापडला की त्या क्षणी पसार. बाई, हा तर हुबेहूब तुमचा हॉन्टर!

रूढ व्युत्पत्ती सांगतात ती 'ग्रह'वरून. ग्रह म्हणजे धरणारा. आकाशातला ग्रह माणसाला धरतो म्हणून ग्रह. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना धरणारे ९ बालग्रह आहेत, पूतना त्यातलीच. यज्ञात सोमरस ज्यात घेतात त्या पात्रालाही ग्रह म्हणतात. इंग्रजी 'हॉन्टर'ला अर्थानं जवळचा असा हा धातू आहे, इथवर माझं कुणाशी भांडण नाही.

पण मला 'ग्रह' पुरेसा वाटत नाही. गिऱ्ह्याच्या मागे 'ग्राह' आहे, असं माझं ठाम मत. ग्राह म्हणजे मगर. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राचा पाय पाण्यात धरून ठेवतो तो ग्राहच. ध्वनी बघा: 'ग्राहक'चं मराठीत काय झालं? गिऱ्हाईक. 'ग्राह'चा जसाच्या तसा 'गिऱ्हा' झाला, आकारासकट. ऱ्हस्व 'ग्रह'पासून निघालात तर हा 'आ' नंतर कुठून तरी आणून चिकटवावा लागतो. पुढे म्हणाल, मगर कुठं आणि भूत कुठं? मग कुंभारजुव्याच्या कालव्यावर जा. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या त्या खाऱ्या पाण्यात आजही मगरी आहेत. बोरी-दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजन शेतात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, चिखलाची मगर घालतात, तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात त्याला. बांध फुटू नये, पाण्यात कुणाचा पाय धरला जाऊ नये, म्हणून हे मागणं. पाण्यात दबा धरून बसणारं, दिसत नसलेलं, एकदम पाय धरणारं असं जे काही आहे, त्याला खाडीकाठच्या माणसानं एकच नाव दिलं. दिवसा ती मगर, रात्री तो गिऱ्हा. 'ग्रह'वाल्यांनी पंचांग बाजूला ठेवून एकदा मानशीवर उभं राहावं.

एका सदरात मध्यंतरी गिऱ्ह्याचा संबंध गाऱ्हाण्याशी जोडलेला वाचला. गिऱ्हा धरतो म्हणून देवळात गाऱ्हाणं घालतात, असं त्यांचं म्हणणं. हे साफ चूक. गाऱ्हाणं आलं 'गर्हणा'वरून, दोष सांगणं, तक्रार मांडणं. त्यात धरण्याचा काही संबंध नाही. 'ऱ्ह' कानाला सारखा वाटला म्हणून दोन शब्दांना भाऊ ठरवायचं, ही खोड व्युत्पत्तीच्या नावाखाली फार बोकाळली आहे. नियम दाखवा, मग नातं सांगा.

गॅझेटिअरवाल्यांशीही माझं जमत नाही. पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या गॅझेटिअरात भुतांचे दोनच वर्ग केलेत, घरचं भूत आणि बाहेरचं भूत. घाटावर असेल तसं. खाडीकाठी गिऱ्हा बाहेरचा असून घरी येतो, कामं करतो, रुसतो, पळतो. त्याला या दोन खणांत बसवायचं तर तिसरा खण काढावा लागेल, सोबतीच्या भुताचा.

तेव्हा बाई, यादीत 'हॉन्टर (गिऱ्हा)' लिहा. मुलांना सामान्यरूप सांगून ठेवा: गिऱ्ह्यानं, गिऱ्ह्याला, हाक मारताना 'अरे गिऱ्ह्या', अनेक असले तर गिऱ्हे. आणि फलक रंगवणाऱ्याला बजावा की ह वर रफार देऊन 'गिर्हा' करायचं नाही. तऱ्हा, कुऱ्हाड, गुऱ्हाळ लिहितो तसाच हाही अर्ध्या ऱ नं लिहायचा.