ड्राफ्टच्या टेबलातला ‘टीम’ कॉलम आधी तपास, कर्व्हचं नंतर बघू

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला, कारण हेच टेबल मी 2016 साली केलं होतं. तू लिहिलंयस की एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे 1996 ते 2015 चे सगळे ड्राफ्ट (दरवर्षी टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) घेतले, प्रत्येक खेळाडूच्या करिअरच्या विन शेअर्सची (खेळाडूमुळे टीमला किती विजय मिळाले त्याचा अंदाज) टीमवार बेरीज केली, पिकच्या, म्हणजे निवडीच्या, नंबरप्रमाणे अपेक्षित आकडा वजा केला, आणि आता मिलवॉकी एवढी वर आणि डॅलस एवढी खाली का येतेय ते कळत नाहीये, आणि गाईड म्हणतायत तो अपेक्षित आकडा देणारा कर्व्ह बदलून बघ. कर्व्हला आत्ता हात लावू नकोस. गडबड ‘टीम’ नावाच्या कॉलममध्ये आहे.

डर्क नोविट्झकी बघ. 1998, नववा नंबर, कॉलममध्ये मिलवॉकी. त्याच रात्री तो डॅलसला गेला, डॅलसनं सहाव्या नंबरला घेतलेल्या रॉबर्ट ट्रेलरच्या बदल्यात. डर्क 21 सीझन फक्त डॅलसकडून खेळला, 2011 ची चॅम्पियनशिप जिंकून दिली, करिअरचे विन शेअर्स दोनशेच्या वर, आणि तुझ्या टेबलात ते सगळे मिलवॉकीच्या खात्यात जमा झालेत. एकच ओळ, आणि दोन टीमचा वीस वर्षांचा हिशोब उलटा. कोबी ब्रायंट 1996 ला तेराव्या नंबरवर शार्लटचा दिसेल, पण लेकर्सशी सौदा आधी ठरलेला होता, व्लादे दिवाच तिकडे जाणार आणि शार्लट लेकर्स सांगतील तो खेळाडू उचलणार. कावाय लेनर्ड, 2011, पंधरावा, कॉलममध्ये इंडियाना, खेळला सॅन अँटोनियोकडून, जॉर्ज हिलच्या बदल्यात. पोर्टलंडचा 2006 तर कमाल आहे, कागदावर त्यांनी टायरस थॉमसला घेतलं, आणि रात्र संपेपर्यंत त्यांच्याकडे लामार्कस ऑल्ड्रिज आणि ब्रँडन रॉय दोघं होते, त्यातला ऑल्ड्रिज कागदावर शिकागोचा आणि रॉय मिनेसोटाचा. म्हणजे त्या वर्षी सगळ्यात हुशारीनं वागलेलं ऑफिस तुझ्या टेबलात नापास होणार.

आता माझं सांगते, थोडं लांबेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तेव्हा पुण्यात एमएस्सी स्टॅट्स करत होते. दरवर्षी जूनमध्ये पहाटे साडेपाचला उठून, बाहेर पाऊस आणि हातात चहा, लॅपटॉपवर ड्राफ्ट बघायचे. स्टेजवर पोरगं एका टीमची टोपी घालून हसतंय आणि खाली पट्टीवर येतंय की हा दुसरीकडे चाललाय, कारण कितीतरी ट्रेड कागदोपत्री नंतर पक्के होतात, हे मी कितीदा डोळ्यांनी पाहिलेलं. तरी प्रोजेक्टला बसल्यावर ते डोक्यातून पार गेलं. डेटा एका कंपनीकडून विकत घेतला, मेसच्या दोन महिन्यांच्या पैशात, कारण वाटलं की विकत घेतलेला म्हणजे तपासलेला असणार. कोबीच्या ओळीपाशी मला खटकलं होतं. मी त्यांना मेल टाकला की शार्लट कसं, हा तर लेकर्सचा. पहिलं उत्तर, संपर्काबद्दल धन्यवाद. दुसरं, माहितीपत्रक वाचा, ज्यात त्या कॉलमपुढे फक्त ‘खेळाडूची टीम’ एवढंच लिहिलेलं. तिसरं, कॉलम बरोबर आहे. चौथ्या मेलला तक्रार बंद केल्याचा आपोआप येणारा निरोप. पाच मिनिटं कोणी प्रश्न नीट वाचला असता तर सांगितलं असतं की बाई, ही अधिकृत निवड करणारी टीम आहे, ट्रेड यात नाहीत. त्यांचा कॉलम बरोबर होताच, पण मी विचारत होते ते वेगळं होतं, आणि त्या तीन शब्दांवर विसंबून मी विचारायचं थांबवलं. हीच माझी चूक, आणि आजही आठवलं की चिडचिड होते.

पुढे तीन महिने मी त्या डेटावर काय काय केलं, लॉगचा कर्व्ह, स्प्लाइन, बूटस्ट्रॅप, सुंदर ग्राफ. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक निघाले बास्केटबॉल खेळलेले. त्यांनी ग्राफ बघितलाच नाही, शांतपणे विचारलं, "इंडियानाकडून कावाय किती मॅच खेळला?" एकही नाही, सर. मग त्यांनी नोविट्झकी विचारला. मग कोबी. चौथं नाव विचारायची गरजच पडली नाही. पुन्हा सबमिट करा म्हणाले, डिग्री सहा महिने लांबली, आणि हातात होती ती नोकरीची ऑफर तेवढी थांबली नाही. म्हणून तुला एवढं तळमळून लिहितेय.

करायचं काय, तर एका कॉलमचे दोन कॉलम कर. एक ‘नाव पुकारणारी टीम’, दुसरा ‘निर्णय घेणारी टीम’. माझा नियम असा होता की सौदा निवडीच्या आधी किंवा त्याच रात्री झाला असेल तर निर्णय त्या टीमचा जिच्याकडे खेळाडू गेला, आणि नंतर झाला असेल तर पुकारणाऱ्या टीमचाच. अँड्र्यू विगिन्सला 2014 ला क्लीव्हलंडनं जूनमध्ये पहिल्या नंबरवर घेतलं आणि ऑगस्टमध्ये केव्हिन लव्हसाठी मिनेसोटाला दिलं, तिथे निवड क्लीव्हलंडचीच धरायची, पुढचा ट्रेड हा वेगळा निर्णय. हा नियम परफेक्ट नाही हे मलाही मान्य आहे. त्याच रात्रीच्या सौद्यातसुद्धा कधी पुकारणाऱ्याला खरंच तो खेळाडू हवा असतो आणि तासाभरात चांगली ऑफर आली म्हणून देतात, ते बातम्या वाचूनच ठरवावं लागतं. हे काम हातानेच करावं लागतं, मला दोन आठवडे लागले, कुठलंही स्क्रिप्ट हे करून देणार नाही.

आणि एक, कावायचं श्रेय सॅन अँटोनियोला दिलंस तर जॉर्ज हिल कुठेतरी वजा करायचा मोह होईल. करू नकोस. हिल त्यांनीच 2008 ला सव्विसाव्या नंबरवर शोधलेला, ते श्रेय तिथेच राहू दे. ड्राफ्ट आणि ट्रेड एकाच वहीत लिहायला लागलास की प्रोजेक्ट कधीच संपणार नाही. निदान माझं मत असं, तुझे गाईड वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐक, मार्क त्यांच्या हातात आहेत.

करिअरची पूर्ण बेरीज मात्र मला अजिबात पटत नाही. पहिल्या फेरीतल्या पोराचा पहिला करार चार वर्षांपर्यंतचा असतो, पहिली दोन पक्की आणि पुढची दोन टीमच्या मर्जीवर, तर तेवढाच काळ मोज, त्यानंतरचं श्रेय ड्राफ्टपेक्षा कोचिंगला आणि पैशाला जास्त जातं. पण ती चार वर्षं ड्राफ्टच्या दिवसापासून मोजू नकोस, पहिल्या मॅचपासून मोज. मानू जिनोबिलीला सॅन अँटोनियोनं 1999 ला सत्तावन्नाव्या नंबरवर घेतलं आणि तो आला 2002 मध्ये. जोएल एम्बीड 2014 चा, तिसरा नंबर, दुखापतीमुळे पहिले दोन सीझन एकही मॅच नाही. आता तू म्हणशील की जखमी खेळाडू घेणं हीसुद्धा निवडच ना, वाट बघण्याची किंमत कुठे गेली. बरोबर आहे, म्हणून मी वाट बघितलेली वर्षं वेगळ्या कॉलममध्ये दाखवली होती, आकड्यात मिसळली नव्हती.

जे कधी खेळलेच नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या सोडू नकोस. सतनाम सिंगला 2015 ला डॅलसनं बावन्नाव्या नंबरवर घेतलं, आपल्या देशातून ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू, मी तेव्हा आनंदानं ओरडले होते, पण एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. त्याच्या पुढे शून्य लिहायचं. सॉफ्टवेअर रिकामी जागा गुपचूप गाळतं आणि मग दुसऱ्या फेरीची सरासरी उगाच फुगते, कारण उरतात फक्त टिकलेले.

टीमचे कोडही बघ. जुनी शार्लट 2002 ला न्यू ऑर्लिन्सला गेली, 2004 ला शार्लटमध्ये नवी टीम आली, आणि 2014 ला जुन्या नावासकट जुना इतिहासही शार्लटला परत दिला. ड्यूरंटला घेतलं सिअ‍ॅटलनं 2007 ला, पुढच्याच वर्षी ती टीम ओक्लाहोमाला गेली. व्हँकुव्हरचं मेम्फिस झालं, न्यू जर्सीचं ब्रुकलिन. आणि टेबलं जोडताना नावावरून जोडू नकोस, योकिच, डॉन्चिचच्या स्पेलिंगवरच्या खुणांमुळे ओळी गळतात, शिवाय 2006 आणि 2007 ला मार्कस विल्यम्स नावाचे दोन वेगळे खेळाडू आहेत. आयडी वापर.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, की सर्वात चांगला ड्राफ्ट करणारी टीम कुठली. माझं प्रामाणिक मत, तीस टीमची एक ते तीस अशी रांग लावूच नये. एका टीमला वर्षाला साधारण दोन पिक, एक मॅनेजमेंट पाच वर्षं टिकली तर दहा पिक, दहा आकड्यांवरून कोणाला हुशार ठरवणार? डेन्व्हरचा 2014 घे. कागदावर त्यांनी अकराव्या नंबरला डग मॅकडरमॉटला घेतलं, ते शिकागोसाठी, बदल्यात शिकागोच्या सोळा आणि एकोणीस नंबरवरून नुर्किच आणि गॅरी हॅरिस आले. मग एक्केचाळीसला योकिच, ज्याचं नाव पुकारलं तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. तोच पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. आता सांग, डेन्व्हरला माहीत होतं का? माहीत असतं तर सोळा नंबरला आधी नुर्किच का घेतला, तोही योकिचच्याच जागेवर, सेंटरला, खेळणारा, एक्केचाळीसपर्यंत थांबायची जोखीम कोण घेईल? चांगली निवड होती यात वाद नाही, पण ती एक ओळ काढली की डेन्व्हरचा आकडा किती खाली येतो ते करून बघ, प्रत्येक टीमची सर्वात मोठी ओळ काढून बघ, आणि ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी छाप. परीक्षकांना हे आवडतं, माझ्या दुसऱ्या व्हायव्हाला आवडलं होतं.

अजून एक डोक्यात ठेव, वरच्या नंबरच्या पोरांना खेळवलंच जास्त जातं. 1995 मध्ये स्टॉ आणि होआंग या संशोधकांनी दाखवलंय की कामगिरी सारखी धरली तरी आधी निवडलेल्यांना जास्त मिनिटं मिळतात आणि ते लीगमध्ये जास्त टिकतात. म्हणून बेरजेबरोबर 48 मिनिटांमागे, म्हणजे एका पूर्ण मॅचमागे, किती तेही दे, नाहीतर तू खेळाडू न मोजता टीमचा हट्ट मोजशील.

डिस्क्लेमर, मी या क्षेत्रात नाही, रोज इन्शुरन्सचे क्लेम बघते, आणि आजकाल विन शेअर्सपेक्षा बरे आकडे आहेत हे मला ठाऊक आहे, ते कोणी जाणकार सांगेल. माझी हाताने केलेली शीट अजून आहे, 1996 ते 2015, दोन कॉलमवाली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवते. पण डोळे झाकून घेऊ नकोस, निदान वीस ओळी स्वतः पडताळ. 2015 च्या पुढे वाढवणार असशील तर तुलाच करावं लागेल, सुरुवात 2018 पासून कर, तिसऱ्या नंबरला डॉन्चिच, कॉलममध्ये अटलांटा, गेला डॅलसला.