मंगळावर न जाता मंगळाची हवा कशी मोजता?

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रहांच्या वातावरणावर पीएचडी करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, तिथे ना तू जाणार, ना कोणी जाऊन आलेलं. मग विद्यापीठात बसून दिवसभर करणार काय? आणि त्याचा उपयोग तरी काय? मला धड उत्तर देता येत नाही. – एक वाचक

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. माझे केस याच विषयात पांढरे झाले, तरी आमच्याकडेही तो अधूनमधून निघतोच.

या विषयाच्या सगळ्या शाखा सांगत बसत नाही. कोणी दुर्बिणीतून वर्णपट घेतं, कोणी संगणकावर गुरूची वादळं उभी करतं. मी रेडिओ पिधानाचं काम करते, तेवढंच सांगते.

ग्रहाभोवती फिरणारं किंवा त्याच्या जवळून जाणारं यान पृथ्वीवरून पाहताना ग्रहाच्या आड जातं; हेच पिधान. पूर्ण दिसेनासं होण्याआधी त्याचा रेडिओ संदेश ग्रहाच्या हवेतून वाट काढत येतो. हवेमुळे तो किंचित वाकतो आणि त्याची वारंवारता बदलते. मंगळाच्या बाबतीत हा बदल अब्जावधी हर्ट्झमध्ये जेमतेम काही हर्ट्झचा. पण त्यावरून हवेची घनता, दाब आणि तापमान, तिन्ही उंचीनुसार काढता येतं.

जुलै 1965 मध्ये नासाचं मरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेलं, तेव्हा हे पहिल्यांदा झालं. 1950च्या दशकात मंगळावरचा दाब 85 मिलिबारच्या आसपास मानत असत. 1964 मध्ये वर्णपटावरून तो 25च्या घरात आणला गेला. मरिनरने सांगितलं, 4 ते 7 मिलिबार! पृथ्वीवर समुद्रसपाटीला हा आकडा 1013 असतो. एवढ्या विरळ हवेत नुसत्या पॅराशूटवर यान उतरवता येणार नाही, हे तेव्हाच कळून चुकलं.

आता दिवसभराचं काम. त्या काही हर्ट्झपर्यंत पोचायचं तर आधी बाकीचं सगळं वजा करावं लागतं : यानाची गती, पृथ्वीचं फिरणं, आपल्याच आयनमंडलाचा (पृथ्वीच्या हवेतल्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम, अँटेनाच्या डोक्यावरच्या दमट हवेचा परिणाम. खरं सांगायचं तर मंगळाची हवा मोजण्यात माझा निम्मा वेळ पृथ्वीची हवा निस्तरण्यात जातो. मग येतो मला सर्वांत आवडणारा भाग. गणित वरून खाली चालतं, म्हणून अगदी वरच्या टोकाचं तापमान गृहीत धरावं लागतं, आणि ते कोणालाच ठाऊक नसतं. मग आम्ही तीन वेगवेगळी तापमानं धरतो. आलेखावर वर तीन रेषा फाकलेल्या दिसतात. खाली येता येता त्या एकमेकींच्या जवळ सरकतात आणि एका उंचीला एकच होतात. त्याच्या खालचं तेवढंच खरं मानायचं. वरचं कितीही देखणं दिसो, शोधनिबंधात घालायचं नाही. नव्या विद्यार्थ्याचा इथे जीव तुटतो, कारण नेमका वरचाच भाग नवलाचा वाटतो.

हे तंत्र सगळीकडे पुरं पडत नाही, हेही सांगून ठेवते. शुक्राची हवा इतकी दाट, की सुमारे 33 किलोमीटरच्या खाली गेलेला किरण वाकतो तो बाहेर पडतच नाही. तिथे आत उतरलेल्या यानांच्या मोजमापांवरच विसंबावं लागतं.

उपयोगाचं म्हणाल, तर घरच्यांना एवढंच सांगा. यानाच्या जागी जीपीएसचा उपग्रह, मंगळाच्या जागी पृथ्वी आणि आपल्या अँटेनाच्या जागी संदेश टिपणारा दुसरा उपग्रह ठेवला, तरी गणित तेच राहतं. 1995 मध्ये एका छोट्या उपग्रहावर हा प्रयोग झाला. 2006 मध्ये तैवान आणि अमेरिकेने मिळून कॉस्मिक नावाचे सहा उपग्रह सोडले. आज अशी निरीक्षणं रोजच्या हवामान अंदाजाच्या मॉडेलमध्ये जातात. महासागरांवर, जिथे हवा मोजणारे फुगे सोडायला कोणी नसतं, तिथे त्यांचा मोठा आधार आहे. मरिनरच्या वेळी जीपीएस अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे हे डोळ्यासमोर ठेवून कोणी काम केलं असं मी म्हणणार नाही.

तयारी काय करायची? उष्मागतिकी पक्की करा, संदेश-प्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) शिका, पायथनवर हात बसवा. नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये जुन्या मोहिमांची मोजमापं फुकट मिळतात. एखादी फाईल उतरवून उघडून बघा. आकड्यांच्या त्या रांगांत तासभर रमलात, तर पुढचं बोलू.

आणि गाईडकडे गेलात की एक प्रश्न न लाजता विचारा : मी ज्यावर काम करणार ती मोजमापं हातात आहेत, की एखादं यान पोचल्यावर मिळणार आहेत? जपानचं आकात्सुकी डिसेंबर 2010 मध्ये शुक्राच्या कक्षेत जायचं होतं. इंजिन दगावलं, आणि ते कक्षेत शिरलं डिसेंबर 2015 मध्ये. मोहिमेला पाच वर्षं थांबणं परवडलं. पीएचडीच्या शिष्यवृत्तीला ते परवडत नाही.