अनेक शाखांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा प्रभाव कसा मोजावा?

प्रश्न : एका शास्त्रज्ञाचे शोधनिबंध भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र या तीन शाखांत विखुरलेले आहेत. त्यांची उद्धरणे, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले त्यांचे संदर्भ (सायटेशन), हजारोंच्या घरात असून या उद्धरणांवरून काढला जाणारा एच-निर्देशांकही मोठा आहे. त्यांच्या बरोबरीच्या एका गणितज्ञाचे आकडे मात्र फारच लहान आहेत. या दोघांची तुलना करता येते का? आणि पहिल्याचा प्रभाव नेमका कोणत्या शाखेवर पडला, हे कसे ओळखावे?

उत्तर : एकूण आकडे शेजारी शेजारी ठेवून ही तुलना करता येत नाही, आणि तशी ती केली जाते तेव्हा गणितज्ञावर उघड अन्याय होतो. जीववैद्यकशास्त्रात संशोधकांची संख्या मोठी असते, निबंध भराभर प्रसिद्ध होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी असते; साहजिकच तेथे उद्धरणेही भरपूर मिळतात. गणितात लेखक थोडे, संदर्भ मोजके आणि एखादा निष्कर्ष पचनी पडायला कित्येक वर्षे लागतात. ग्रिगोरी पेरेलमन यांनी 2002 आणि 2003 मध्ये पॉइंकारे अटकळ या गणितातील प्रसिद्ध कूटप्रश्नाची सिद्धता तीन लेखांतून मांडली. ते लेख त्यांनी आर्काइव्ह या खुल्या संग्रहावर ठेवले आणि कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवले नाहीत. निव्वळ नियतकालिकांतील निबंध मोजणाऱ्या पद्धतीला हे काम दिसणारच नाही.

एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये सुचवला. ज्यांच्यापैकी प्रत्येकाला किमान तितकीच उद्धरणे मिळाली आहेत अशा निबंधांची सर्वांत मोठी संख्या म्हणजे हा निर्देशांक. एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे 10, 8, 5, 4 आणि 3 उद्धरणे मिळाली असतील, तर त्याचा निर्देशांक 4 होतो, कारण किमान चार उद्धरणे मिळालेले निबंध चार आहेत. त्यातील पहिल्या निबंधाला 10 ऐवजी 5,000 उद्धरणे मिळाली तरी निर्देशांक चारच राहतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधीच घटत नाही, आणि लेखकाचा वाटा किती होता हेही पाहत नाही. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाविषयी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाला पाच हजारांहून अधिक लेखक होते. त्यांतील प्रत्येकाच्या खात्यावर त्या निबंधाची सगळी उद्धरणे जमा होतात.

त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग म्हणजे प्रत्येक निबंधाची तुलना त्याच शाखेतील, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांशी करणे. समजा, गणितातील एका निबंधाला 12 उद्धरणे मिळाली आणि तेथील सरासरी 4 आहे. जीवशास्त्रातील दुसऱ्याला 60 मिळाली आणि तेथील सरासरी 40 आहे. पहिल्याचे गुणोत्तर 3 येते आणि दुसऱ्याचे 1.5, म्हणजे मूळ आकड्यांनी दाखवलेला क्रम उलटतो. मात्र थोड्याशा अतिप्रसिद्ध निबंधांमुळे सरासरी फुगते, म्हणून निबंध आपल्या शाखेतील वरच्या 10 टक्क्यांत येतो का, हे पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

तुमच्या शास्त्रज्ञाच्या बाबतीत खरी अडचण इथेच येते. निबंध आणि उद्धरणे यांची नोंद ठेवणारे माहितीकोश (डेटाबेस) बहुतेक वेळा निबंधाची शाखा नियतकालिकावरून ठरवतात. त्यामुळे जीवशास्त्राच्या नियतकालिकात छापलेली संगणकीय पद्धत जीवशास्त्राच्या मापाने मोजली जाते. म्हणून निबंध कोठे छापला यापेक्षा त्याचा संदर्भ कोणी दिला हे पाहावे. भौतिकशास्त्रात मांडलेले तंत्र जीवशास्त्रातील प्रयोगशाळा सातत्याने वापरत असतील, तर प्रभाव जीवशास्त्रावर आहे. त्यातही उपयुक्त साधन आणि नवा विचार यांत फरक करावा लागतो. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांची 1951 ची पद्धत विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत निबंधांत अग्रभागी आहे, कारण असंख्य प्रयोगांत ती कामी आली. हे मोलाचेच योगदान आहे, पण नवा सिद्धान्त मांडण्यापेक्षा त्याची जात निराळी आहे.

निवड समितीवर बसणाऱ्यांनी उमेदवाराकडून त्याच्या मते सर्वांत महत्त्वाचे तीन-चार निबंध आणि त्यांतील स्वतःच्या वाट्याचे निवेदन मागावे, आणि त्या त्या शाखेतील जाणकाराकडून ते खरोखर वाचून घ्यावेत. आकडे पाहायचेच असतील तर सर्वांचे एकाच माहितीकोशातून आणि एकाच दिवशी घ्यावेत. गूगल स्कॉलर हा माहितीकोश प्रबंध, पुस्तके आणि पूर्वप्रती (नियतकालिकात छापून येण्याआधीच खुले केलेले निबंध) यांचीही दखल घेत असल्याने तेथील आकडा स्कोपस या दुसऱ्या माहितीकोशापेक्षा बहुधा मोठाच येतो.