‘चार्ज’ नावाचं ओझं

प्रश्न असा आहे : मोबाइल चार्ज करतात, पोलीस लाठीचार्ज करतात, सेवेचा चार्ज लावतात, बदली होऊन आलेले साहेब चार्ज घेतात आणि कोर्टात आरोपीवर चार्ज ठेवतात. हे दिसायला सारखे पण वेगवेगळे शब्द आहेत की मुळात एकच? आणि सगळीकडे चालेल असा एखादा मराठी प्रतिशब्द आहे का?

शब्द एकच आहे, आणि त्याच्या मुळाशी एक गाडी आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे ओझं वाहणारी चाकांची गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉल प्रदेशातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या, केल्टिक भाषेतून उचलला. त्यावरून ‘कार्रिकारे’ हे क्रियापद झालं : गाडीत माल लादणं. तेच जुन्या फ्रेंचमधून 13व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आलं आणि चार्ज झालं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच घरातली भावंडं.

‘लादणं’ ही एक क्रिया डोळ्यांसमोर ठेवली की बाकीचे अर्थ आपोआप उलगडत जातात. माणसावर पैशांचं ओझं टाकलं की तो आकार किंवा शुल्क. गुन्ह्याचं टाकलं की आरोप, कामाचं टाकलं की पदभार. कर्जापोटी जमिनीवर ‘बोजा’ चढवतात, इंग्रजी कायद्याच्या भाषेत तोही चार्जच. तोफेत दारू ठासली की तोफेवर चार्ज चढला. शत्रूवर तुटून पडणं हा अर्थ जरा दूरचा वाटतो, पण तोही भरलेलं शस्त्र रोखण्यावरून आला असावा असा कोशकारांचा कयास आहे. लाठीचार्जमधला चार्ज हा तोच. मराठीत त्याला लाठीमार म्हणतात आणि तो शब्द मला अधिक आवडतो, कारण काय घडलं ते तो स्पष्ट सांगतो.

विजेकडे हा शब्द तोफखान्याच्या वाटेनं गेला. 18व्या शतकात वीज साठवायला लायडनची बरणी वापरत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशा बऱ्याच बरण्या एकमेकींना जोडल्या आणि त्या संचाला बॅटरी म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. तोफ भरावी तशी बरणी विजेनं भरायची, म्हणून ती चार्ज करायची. आज मोबाइलची ‘बॅटरी चार्ज’ करताना आपण दोन्ही शब्द लष्कराचेच वापरतो.

आता मराठीकडे वळू, कारण मला खरा आनंद इथे होतो. एकच प्रतिशब्द नाही, पण हेच चित्र आपल्या भाषेत आधीपासून आहे. ‘भृ’ म्हणजे वाहणं, धारण करणं. त्यावरून भार आला आणि भरणंही आलं. विज्ञानात विद्युतभार, धनभार, ऋणभार. कचेरीत कार्यभार, पदभार, प्रभारी. बिलात सरचार्जसाठी अधिभार. मंत्र घालून दोरा किंवा पाणी ‘भारतात’, आणि सभेतलं वातावरण भारलेलं असतं. इंग्रजीतही अशा वातावरणाला चार्ज्डच म्हणतात. विद्युतभार, अधिभार हे इंग्रजीवरून घडवलेले शब्द, पण मंत्रानं भारणं हे कुणाचं भाषांतर नाही. दोन भाषांना स्वतंत्रपणे तेच सुचलं.

ठासणीच्या बंदुकीत ‘बार’ भरतात, तो आठवा. फारसीत बार म्हणजे ओझं. माल भरायचं बारदान त्यातलंच. फारसी बार, संस्कृत भार आणि इंग्रजीतलं ओझं वाहण्याच्या अर्थाचं बेअर हे तिन्ही एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत.

‘आरोप’ हा शब्द तर नीट थांबून पाहण्यासारखा आहे. ‘आ’ उपसर्ग आणि ‘रुह्’ धातूचं प्रयोजक रूप, म्हणजे एखाद्यावर काही चढवणं, ठेवणं. धनुष्याला दोरी चढवणं हेही आरोपणच. म्हणून मराठीत आरोप नुसता करत नाहीत, तो ‘ठेवतात’ किंवा ‘लादतात’. ठपकाही ठेवतात. क्रियापदांनी मूळ अर्थ अजून सोडलेला नाही.

उलट क्रिया म्हणजे डिस्चार्ज, ओझं उतरवणं. इथे मराठी प्रत्येक ठिकाणी वेगळी वाट धरते. आरोपी आरोपमुक्त होतो, सैनिक सेवामुक्त होतो, धरणातून पाण्याचा विसर्ग होतो. रुग्णाला मात्र ‘घरी सोडलं’ म्हणतात आणि तेच सर्वांत सुंदर आहे.

याच कुळातला आणखी एक शब्द : कॅरिकेचर. इटालियन ‘कारिकारे’ म्हणजे लादणं. चेहऱ्यावर नाकाचं, हनुवटीचं जास्तीचं वजन लादून काढलेलं चित्र ते कॅरिकेचर. मराठीत त्याला अर्कचित्र म्हणतात. त्यांनी वरून भर घातली, आपण आतला अर्क काढला.

मग कुठे काय वापरावं? बोलताना ‘मोबाइल चार्ज कर’ हेच मराठी आहे. ‘भारित कर’ असा आग्रह धरू नये, तसं कुणीच म्हणत नाही. बिलात ‘आकार’ छान रुळलेला आहे, चार्जशीटसाठी आरोपपत्र आहे, चार्ज घेण्यासाठी पदभार स्वीकारणं किंवा सूत्रं हाती घेणं आहे.

भाषांतर करणाऱ्यांनी एक जागा सांभाळावी. इंग्रजी मजकुरात दाई ‘आपल्या चार्जेसना’ फिरायला नेते, तेव्हा ते चार्जेस म्हणजे तिच्यावर सोपवलेली मुलं. सवयीनं तिथे शुल्क किंवा आरोप लिहिलं की वाक्य कोसळतं. ‘तिच्याकडे सांभाळायला असलेली मुलं’ असं सरळ लिहावं.