प्रौढांसाठीच्या नव्या विज्ञान कादंबऱ्या कशा शोधाव्यात?

प्रश्न : जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ आणि ‘व्हायरस’ या कादंबऱ्या मी दोनदा वाचल्या आहेत. त्यापुढचे काही नवे मागितले की पुस्तकांच्या दुकानात मला बालसाहित्याच्या कपाटाकडे बोट दाखवले जाते. मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या नव्या विज्ञान कादंबऱ्या कशा शोधाव्यात? इंग्रजीही चालतील.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपली अडचण खरी आहे, मात्र तिचा सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही. मराठीतील प्रौढ विज्ञानसाहित्य कादंबरीपेक्षा कथेतच अधिक वाढले. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथाच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली होती; लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे आणि सुबोध जावडेकर यांचेही नाव प्रामुख्याने कथांमुळेच झाले. त्यामुळे ‘नवी विज्ञान कादंबरी द्या’ असे विचारले, तर मिळण्यासारखे थोडेच असते. त्याऐवजी लेखकाच्या नावावरून शोध घ्यावा. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांसारखे दिवाळी अंक मिळवावेत, ज्या लेखकाची विज्ञानकथा आवडेल त्याचे नाव टिपून ठेवावे आणि मग त्याच्या नावावर आणखी कोणती पुस्तके आहेत ते पाहावे. जावडेकरांपासून आरंभ केलात, तर बालसाहित्याच्या कपाटाची आठवणही होणार नाही, असे माझे मत आहे.

आपण वडोदऱ्यात राहता, हे या कामी सोयीचे आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ज्या ग्रंथालय व्यवस्थेचा पाया घातला, तिचे मध्यवर्ती ग्रंथालय मांडवी भागात आहे आणि तेथे मराठी पुस्तकांचाही संग्रह आहे. तेथेही विषय न सांगता लेखकाचे नाव सांगावे, कारण विज्ञान कादंबरी कधी कादंबऱ्यांत, कधी विज्ञानविषयक पुस्तकांत, तर कधी बालसाहित्यात जाऊन बसलेली असू शकते.

इंग्रजीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. तेथे पुस्तके इतकी निघतात की निवड करणे हेच मोठे काम होऊन बसते. पुष्कळ जण पुरस्कारांच्या याद्या हाती घेतात, परंतु प्रत्येक पुरस्काराचा स्वभाव वेगळा असतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार सर्वांत प्रसिद्ध असला, तरी त्यात फँटसीलाही, म्हणजे जादू-चमत्कारांच्या अद्भुत कथांनाही, स्थान आहे, आणि २००१ साली उत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो हॅरी पॉटर मालिकेतील चौथ्या पुस्तकाला मिळाला होता. म्हणजे त्या वर्षी केवळ विजेत्याचे नाव पाहून पुस्तक आणणारा आपल्यासारखा वाचक पुन्हा त्याच कपाटापाशी येऊन उभा राहिला असता. आपल्या गरजेला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार अधिक जवळचा आहे. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या विज्ञान कादंबऱ्यांसाठी तो १९८७ पासून दिला जातो. पहिला मार्गारेट ॲटवुड यांना, तर १९९७ चा अमिताव घोष यांना ‘द कलकत्ता क्रोमोसोम’साठी मिळाला. विजेत्यापेक्षा या पुरस्काराची अंतिम यादी पाहावी, असे मी सुचवीन, कारण एकमत होण्यास कठीण अशी धाडसी पुस्तके पुष्कळदा तेथेच थांबतात. लावण्या लक्ष्मीनारायण यांची ‘द टेन पर्सेंट थीफ’ ही कादंबरी २०२४ च्या अंतिम यादीत होती. भविष्यातल्या बंगळूरमध्ये माणसाची किंमत त्याच्या उत्पादकतेवरून ठरू लागली तर काय होईल, हा तिचा विषय नोकरी करणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करील.

याखेरीज ‘लोकस’ हे अमेरिकी नियतकालिक वर्षारंभी मागील वर्षातील शिफारस केलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध करते. तीत विज्ञान कादंबरी, फँटसी, किशोरांसाठीची पुस्तके आणि लेखकाची पहिलीच कादंबरी असे विभाग स्वतंत्र असतात, म्हणून आपला अर्धा शोध तेथेच आटोपतो.

मुखपृष्ठावरील अंतराळयान किंवा आतील रक्तपात, यांपैकी कशावरूनही पुस्तक प्रौढांचे आहे की नाही ते ठरवू नये. पहिली वीस-पंचवीस पाने उभ्या उभ्या वाचावीत. कथेतला वैज्ञानिक शोध लागल्यानंतर त्याचा भार कोणाच्या नोकरीवर, संसारावर किंवा विवेकबुद्धीवर पडतो, याकडे लेखकाचे लक्ष असेल, तर पुस्तक घरी आणावे. केवळ यंत्राचे वर्णन चालले असेल, तर परत ठेवावे.

प्रश्न : इंग्रजी विज्ञान कादंबऱ्या पाच-पाचशे पानांच्या असतात. आरंभासाठी लहान काही सुचवाल का?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : ह्यूगो आणि त्याच्यासारखाच विज्ञानसाहित्य व फँटसीसाठी असलेला नेब्युला या दोन्ही पुरस्कारांत लघुकादंबरीचा वेगळा विभाग असून, साडेसतरा हजार ते चाळीस हजार शब्दांची पुस्तके त्यात मोडतात. त्या विभागाच्या गेल्या चार-पाच वर्षांच्या याद्या पाहाव्यात, मात्र फँटसी तेथेही असतेच, म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी मलपृष्ठावरील मजकूर अवश्य वाचावा.