कार्ड उघडलंत ते ठीक, 22 ऑगस्टचं काय?

नाशिकच्या एका वाचकांचा मेल आलाय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. ऑक्टोबर 2021 मध्ये लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स 3080 टीआय हे ग्राफिक कार्ड घेतलं, 1 लाख 62 हजाराला, तीन वर्षांची वॉरंटी. मे 2023 मध्ये मेमरीचं तापमान 108 डिग्रीला जायला लागलं म्हणून घरीच कार्ड उघडून चिपची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट आणि पॅड बदलले, तापमान 86 वर आलं, अडीच महिने मस्त चाललं आणि एक दिवस डिस्प्लेच गेला. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्क्रूवरचा फाटलेला स्टिकर बघितला, जॉबशीटवर 'सीआयडी', म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, असा शेरा मारला आणि 22 ऑगस्ट 2023 ला कंपनीचा मेल आला की वॉरंटी नाही मिळणार. त्यानंतर हे रिमाइंडर पाठवत राहिले. जानेवारी 2025 मध्ये कंपनीने शेवटचं उत्तर दिलं, आमचा निर्णय तोच आहे. मेल आणि हे उत्तर जुलै 2025 मधलं आहे. हे विचारतायत की स्टिकर फाटला म्हणून वॉरंटी रद्द करणं कायदेशीर आहे का.

असे मेल सतत येतात. कुणाचा मोबाईल, कुणाचा लॅपटॉप, एकांचा तर इन्व्हर्टर. सगळ्यांची गाडी स्टिकरवरच अडते. तुम्हीही स्टिकरवर दोन पानं लिहिलीत आणि तारखांवर एक ओळ, आणि त्या एका ओळीत लिहिलंय की 'शेवटचं उत्तर जानेवारी 2025 चं आहे, म्हणजे जानेवारी 2027 पर्यंत केस करता येईल, तोवर अजून एकदा प्रयत्न करतो.'

नाही हो. असं नसतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण ज्या दिवशी घडलं तिथून दोन वर्षं. तुमचं कारण घडलं 22 ऑगस्ट 2023 ला, ज्या दिवशी कंपनीने स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं. त्यानंतर तुम्ही दहा रिमाइंडर पाठवा नाहीतर शंभर, आणि समोरून 'आम्ही आमच्या मतावर ठाम आहोत' असं कितीही वेळा येवो, घड्याळ काही पहिल्यापासून सुरू होत नाही, पत्रव्यवहाराने मुदत वाढत नसते. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केलात म्हणूनही ती थांबत नाही. वकिलाची नोटीस पाठवली म्हणूनही नाही. लोकांना वाटतं की आपण बोलणी करतोय म्हणजे प्रकरण जिवंत आहे, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला हे चांगलं माहीत असतं म्हणून ते इतक्या गोड भाषेत 'वुई व्हॅल्यू यू' लिहीत राहतात.

म्हणजे तुमच्याकडे 22 ऑगस्ट 2025 पर्यंत वेळ आहे, शुक्रवार आहे तो. त्याच्या आदल्याच आठवड्यात 15 ऑगस्टची सुट्टी, दुसऱ्या दिवशी दहीहंडी, मग रविवार, आणि 27 ला गणपती बसतायत. 'गणपती झाले की बघू' म्हणालात तर बघायला काही उरणार नाही. मी तर म्हणेन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच दाखल करा, कारण ऑनलाइन टाकलेली तक्रारसुद्धा छाननीत पान नीट दिसत नाही, सही राहिली, इंडेक्स नाही म्हणून परत येते आणि ते निस्तरायला हाताशी दिवस लागतात.

उशीर माफ होतो का? होतो, कलम 69 मध्येच सोय आहे, पण समाधानकारक कारण दाखवावं लागतं आणि ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहक न्यायालयाला, ते मान्य का केलं हे लिहून ठेवावं लागतं. 'लग्नाचा सीझन होता' आणि 'कंपनी उत्तर देईल असं वाटलं' ही कारणं मी तरी छातीठोकपणे मांडणार नाही. वॉरंटी ऑक्टोबर 2024 पर्यंत होती म्हणून कारण तोवर चालूच होतं असाही युक्तिवाद करता येतो, पण तो मुदत हुकलेल्यांनी करायचा असतो, ज्याच्या हातात अजून दिवस आहेत त्याने कशाला त्या वाटेला जायचं. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर, असल्या आशेवरही राहू नका. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टेट बँकेच्या प्रकरणात, जुन्या कायद्याखाली का होईना, सांगून ठेवलंय की मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची.

आता तुमचा लाडका स्टिकर.

तुम्ही अमेरिकेचं उदाहरण दिलंय, ते बरोबर आहे. तिथे वॉरंटीबद्दलचा 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे आणि त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै 2024 मध्ये एएसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट या कंपन्यांना याच 'काढला तर वॉरंटी रद्द' छाप स्टिकरवरून पत्रं पाठवली होती. पण तुमचं कार्ड नाशिकला आहे. आपल्याकडे असा थेट कायदा नाही. राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, केंद्राने जुलै 2022 मध्ये समिती नेमली, पोर्टलही केलं, पण पोर्टलवर माहिती मिळते, हक्क मिळत नाही. तेव्हा 'स्टिकर बेकायदेशीर आहे' हे पहिल्या परिच्छेदात ठोकून देऊ नका. तो करारच अन्यायकारक आहे असं म्हणणारी तक्रार तर जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात जाते, म्हणजे तो शब्द मथळ्यात टाकलात की समोरचा वकील अधिकारक्षेत्रावरच दोन तारखा खाईल. वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी, एवढंच धरा.

त्याऐवजी वॉरंटी कार्ड काढा आणि वाक्य नीट वाचा. 'उघडल्यास वॉरंटी रद्द' लिहिलंय का 'उघडल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही' असं लिहिलंय? दुसरं असेल तर तुमचं पारडं बरंच जड, कारण मग उघडण्यामुळेच बिघाड झाला हे दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येते. पहिलं असेल तर लढता येतं पण निकाल कुठेही जाऊ शकतो, आयोगागणिक बदलतो, मी खात्री देणार नाही.

बिघाड कशामुळे झाला ह्यावर मात्र तुम्ही स्वतःच स्वतःचं नुकसान करून ठेवलंय. जॉबशीटवर 'सीआयडी' लिहिलेलं होतं आणि खाली तुमची सही आहे. वाचलं नाही म्हणता. फोटोत तर स्पष्ट दिसतंय, निळ्या पेनाने, तुमच्या नावाच्या बरोब्बर वर. दोन शब्द लिहायचे होते, 'शेरा अमान्य', मग सही करायची होती. आता निदान प्रतिज्ञापत्रात हे लिहा की काउंटरवर कार्ड उघडून बघितलंच नाही, फक्त स्टिकर बघून शेरा मारला, अर्थात हे खरं असेल तरच. कार्ड जमा केल्यावर पाच मिनिटांत परत दिलं असं तुम्ही म्हणताय, तर जॉबशीटवर इन आणि आउटची वेळ छापलेली असते, ती बघा. पाच मिनिटांत कुणी बोर्ड तपासत नाही. अख्ख्या कागदात तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं काही असेल तर ती वेळ.

दुसरं म्हणजे तापमानाचे लॉग. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे आधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट आहेत म्हणता, ते सोन्यासारखे जपा. कंपनीचा माणूस काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो, की ग्राहकाने चुकीच्या जाडीचे पॅड लावले, कूलर वर उचलला गेला, चिपला नीट टेकला नाही आणि कार्ड जळलं. हे होतं खरंच, जिथे दीड मिलिमीटरचा पॅड हवा तिथे दोनचा लावला की पॅड दबत नाही आणि चिप आणि हीटसिंकमध्ये फट राहते. पण तसं झालं असतं तर कोअरचं, म्हणजे मुख्य चिपचं, आणि हॉटस्पॉटचं, म्हणजे तिच्यातल्या सगळ्यात गरम जागेचं, तापमान पहिल्याच दिवशी वर गेलं असतं. तुमचा कोअर 68 ला आणि हॉटस्पॉट 80 च्या आसपास दिसतोय, पुढचे अडीच महिने. म्हणजे कूलर व्यवस्थित बसला होता. पॅड कुठल्या जाडीचे घेतले त्याचं बिल लावा, पेस्टचंही लावा, ती साधी, वीज न वाहणारी होती हे दिसलं पाहिजे. वीज वाहणारं लिक्विड मेटल वगैरे वापरलं असेल तर मला आत्ता सांगा, मग वेगळं बोलू. स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम तितके कडक पाळत नाहीत पण जोडलेलं बरं.

आणि लॅमिंग्टन रोडवरचा जो रिपेअरवाला आठ हजारात रीबॉल, म्हणजे चिप काढून नव्या सोल्डरने परत बसवून, देतो म्हणतोय त्याला हात लावू देऊ नका. कार्ड आज जसं आहे तसं अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल तर आयोग कलम 38 खाली नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवाल 45 दिवसांत यायला हवा. ग्राफिक कार्डासाठी योग्य लॅब मिळणं अवघड जातं आणि खर्च बहुतेक तुम्हालाच आधी भरावा लागेल, पण अर्ज करून ठेवा. रीबॉल केलंत तर तपासायला काय राहिलं?

दाखल कुठे करायचं हे विचारलंय. नाशिकलाच. 2019 च्या कायद्यात तुम्ही राहता तिथे करता येतं, दुकान मुंबईत असलं तरी. रक्कम 50 लाखांच्या आत म्हणजे जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर करा, जानेवारी 2025 पासून ते सुरू झालंय. दुकानदार, आयात करणारा वितरक आणि कंपनी तिघांनाही तक्रारीत विरुद्ध पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीये पण बिलाच्या फोटोत दिसतेय, बिलावर तुमच्या स्टुडिओचा जीएसटी नंबर आहे. व्यापारी वापरासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच नाही असं ते म्हणणार. पोट भरायला स्वतः काम करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, तुम्ही एकटेच एडिट करत असाल तर बहुधा निभावेल, पण हाताखाली चार पोरं ठेवली असतील तर जपून. कार्डावर भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, घेतलंत की नाही हे सीएला विचारून मला कळवा, लपवू नका, ते निघतंच.

मागणी किती करायची तर कार्डाची किंमत, व्याज आणि थोडा खर्च. दहा लाख मानसिक त्रासाचे लिहू नका, लोक लिहितात आणि वाचणाऱ्याचं मत तिथेच बनतं. पूर्ण किंमत मिळेलच असंही धरू नका, जवळपास दोन वर्षं वापरलंय ते.

वेळ किती लागेल याचं खरं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कायद्यात लिहिलंय तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात सदस्यांच्या जागा रिकाम्या, तारखेवर तारीख, निकाल येईल तेव्हा 3080 टीआय म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीचं झालेलं असेल. एकच गोष्ट तुमच्या हातात आहे, समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15, त्यापुढे एक दिवसही नाही, हे मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या प्रकरणात पक्कं केलंय. नोटीस त्यांना कुठल्या तारखेला मिळाली त्याचा ट्रॅकिंगचा कागद काढून ठेवा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी अर्ज टाका की त्यांचं म्हणणं घेऊ नये. तेवढ्या एका ठिकाणी तारीख तुमच्या बाजूने असते.

जॉबशीट, वॉरंटी कार्ड, 22 ऑगस्टचा मेल हेडरसकट आणि बिल, एवढं या आठवड्यात स्कॅन करून पाठवा. बिल फिकं पडलंय म्हणता, थर्मल कागदाचं असेल, दुकानदाराकडून आजच डुप्लिकेट मागून घ्या आणि कशाला हवंय ते सांगू नका.