टाक्यांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणित, खगोलशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा जपानी अ‍ॅनिमे अशा एखाद्या विषयाचे वेड असणाऱ्या आणि त्या वेडातून हस्तकलेचा छोटा व्यवसाय उभा करणाऱ्या वाचक भगिनींकडून आम्ही प्रश्न मागविले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः अनेक वर्षे भरतकामाचे तारानकाशे करून विकते. त्यामुळे पुढील सल्ल्यांतील काही भाग वाचनातून आला आहे, तर काही भाग मी स्वतः केलेल्या चुकांतून.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. फावल्या वेळात क्रोशाने हायपरबॉलिक, म्हणजे कडेकडे झालरीसारख्या दुमडत जाणाऱ्या, पृष्ठांचे नमुने विणून विकते. साखळीचे 20 टाके घालते आणि पुढे प्रत्येक ओळीत पाच टाक्यांमागे एक टाका वाढवत जाते. दहा ओळींचा नमुना 250 रुपयांना देते आणि पंधरा ओळींचा दीडपट म्हणून 375 रुपयांना देते. मोठ्या नमुन्याला मागणी जास्त आहे, तरीही महिनाअखेरीस हातात काहीच उरत नाही. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वर्गात जे शिकवता, तेच किंमत ठरवताना विसरलात, असे प्रेमाने म्हणावेसे वाटते. पाच टाक्यांमागे एक टाका वाढवला, तर प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या 1.2 पट होते. वीस टाक्यांच्या साखळीवरची पहिली ओळ 24 टाक्यांची होते, दहावी सुमारे 124 टाक्यांची आणि पंधरावी सुमारे 308 टाक्यांची. पहिल्या दहा ओळींत मिळून सुमारे 623 टाके पडतात, तर पंधरा ओळींत सुमारे 1,730. म्हणजे ओळी दीडपट झाल्या, तरी काम आणि लोकर पावणेतीनपट झाली. दहा ओळींच्या नमुन्यातसुद्धा शेवटच्या तीन ओळींना पहिल्या सात ओळींइतकेच टाके लागतात. विणताना शेवटची ओळ संपता संपत नाही असे आपल्याला नेहमी वाटत असेल, त्याचे कारण हेच आहे.

आता रुपयांत पाहू. मिनिटाला सरासरी 15 मुके खांब (क्रोशाचे साधे टाके) पडतात असे धरले, तर लहान नमुन्याला 42 मिनिटे आणि मोठ्याला 115 मिनिटे लागतात. धागे आत घालणे, छायाचित्र काढणे आणि खोक्यात भरणे यांची 18 मिनिटे दोन्हींत मिळवा. तासाला 150 रुपये मजुरी, लहान नमुन्याला 40 रुपयांची लोकर आणि 30 रुपयांचे खोके धरले, तर लहान नमुना 220 रुपयांना पडतो आणि त्यात आपल्याला तीस रुपये सुटतात. मोठा नमुना मात्र सुमारे 473 रुपयांना पडतो. तो आपण 375 रुपयांना देता, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे जवळपास शंभर रुपये पदरचे घालता. मागणी मोठ्या नमुन्याला जास्त असल्यामुळे तोटाही तिकडेच वाढतो. मोठ्या नमुन्याची किंमत साडेसहाशे ते सातशे रुपयांच्या दरम्यान ठेवावी. ती गिऱ्हाइकाला जड वाटत असेल, तर बारा ओळींचा मधला नमुना काढावा, पण पंधरा ओळींची किंमत उतरवू नये.

किंमत वाढवताना आपण नेमके काय विकतो, हे गिऱ्हाइकाला कळणेही आवश्यक आहे. हायपरबॉलिक, म्हणजे आपल्या परिभाषेतील अपास्तीय प्रतलाचे कागदी पट्ट्यांचे नमुने वर्गात हाताळताना फाटत असत. म्हणून लॅटव्हियात जन्मलेल्या आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकविणाऱ्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी 1997 साली हे प्रतल क्रोशाने विणले. विणलेला नमुना दुमडला की घडीवर सरळ रेषा मिळते. त्या घडीवर वेगळ्या रंगाचा दोरा ओवला, की एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा काढता येतात, हे हाताने दाखविता येते. अशी समांतर रेषा एकच असते, हे युक्लिडचे गृहीतक येथे का लागू पडत नाही, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा असे दाखविणे कितीतरी सोपे जाते. आपल्या नमुन्यात अशा तीन रेषा आधीच ओवून द्याव्यात आणि सोबत मराठीत लिहिलेले एक छोटे पत्रक ठेवावे. ते पत्रक फक्त आपणच लिहू शकता. शोभेची वस्तू म्हणून हा नमुना लोकरीच्या फुलाशी स्पर्धा करतो आणि त्या स्पर्धेत हरतो. गणिताचे साधन म्हणून मात्र त्याला प्रतिस्पर्धी फार थोडे आहेत. भेटवस्तूंच्या प्रदर्शनांऐवजी शाळा, महाविद्यालयांचे गणित विभाग आणि विज्ञान केंद्रे यांना पत्रे पाठवा. आणखी एक गोष्ट : सुती दोऱ्याचा नमुना लवकर लोळतो. थोडा ताठ अ‍ॅक्रिलिक धागा वापरून घट्ट विणावे.

प्रश्न : मी क्रोशाच्या बाहुल्या करते. अ‍ॅनिमे आणि इंग्रजी चित्रपटांतील पात्रांच्या बाहुल्या हातोहात खपतात. मैत्रीण म्हणते की हे बेकायदा आहे. बाकी सगळे विकतातच की! मी काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे. सगळे विकतात हेही खरे आहे, परंतु नोटीस आली तर ते उत्तर उपयोगी पडत नाही. आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या कलाकृतीवर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. चित्रपटावर तो प्रदर्शनानंतर 60 वर्षे राहतो. पात्राचे नाव किंवा चिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदविलेले असेल, तर त्या नोंदणीचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून ती कितीही काळ चालू ठेवता येते. भाचीसाठी घरी एक बाहुली विणणे वेगळे आणि तीच बाहुली पात्राच्या नावाने शंभर जणांना विकणे वेगळे. विकत घेतलेल्या नमुन्यावरून विणत असाल, तर तयार बाहुली विकण्याची मुभा आहे किंवा कसे, हेही त्या नमुन्याच्या अटींत वाचावे.

दुसरी अडचण आपल्या पत्रात आलेली नाही, परंतु मला ती अधिक गंभीर वाटते. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी तयार करून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. त्यामुळे या कार्यालयाकडून मिळणाऱ्या कारागीर ओळखपत्रासाठी आजच अर्ज करावा. केवळ ‘शोभेची वस्तू’ अशी चिठ्ठी लावून भागत नाही, कारण मुलाच्या हातात गेलेली बाहुली मूल तोंडात घालणारच. लहान मुलांसाठी करायच्या बाहुल्यांना प्लास्टिकचे डोळे लावू नयेत, दोऱ्याने भरावेत.

राहिला प्रश्न, विणायचे काय? माझे मत असे, की अ‍ॅनिमेच्या वेडातून आपल्या अंगी जी बारकाव्याची नजर आली आहे, ती दुसऱ्याच्या पात्रावर खर्च करू नये. बाजारात मिळणारी लोकरीची खार पाहा, ती कुठल्याच देशाची नसते. आपल्या दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, तर उत्तरेकडील खारीच्या पाठीवर पाच. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू तर अजिबात पट्टेदार नसतो. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि झुबकेदार लांब शेपूट असे त्याचे रूप असते. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू पाहून आलेल्या माणसाने हातात घेताच ‘हाच तो’ म्हणावे असा शेकरू आपण विणला, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. 2015 साली राज्यफुलपाखरू म्हणून जाहीर झालेले ब्लू मॉरमॉनही आहे. त्याच्या काळ्या पंखांवरील निळ्या पट्ट्यात मात्र थोडीही तडजोड करू नका, कारण फुलपाखरांचे वेड असलेले गिऱ्हाईक आपल्याहून चोखंदळ असते.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आहे. जुन्या सर्किट बोर्डांचे तुकडे कापून कानातले करते. काही जणींना कानाला खाज सुटली. काय बदल करावा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : जुने बोर्ड तातडीने थांबवावेत. त्यांच्या डाखात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, आणि बोर्ड कापताना उडणारी काचतंतूंची धूळ आपल्याच फुप्फुसांत जाते. खाजेचे कारण बहुधा कानात अडकविण्याच्या तारेतील निकेल असावे, तेव्हा चांदीची किंवा सर्जिकल स्टीलची तार वापरावी. जुन्या बोर्डांऐवजी कोरे रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह रोखणारे रंगीत पट्ट्यांचे छोटे भाग, घ्यावेत. ते घाऊक बाजारात अगदी स्वस्त मिळतात. डाख शिसेविरहित घ्यावा. तो नेहमीच्या 183 अंशांऐवजी साधारण 220 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून डाखणीचे तापमान वाढवावे लागेल. रेझिस्टरवरील रंगपट्ट्यांचा संकेत आपल्याला पाठच असणार : काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, असे करत पांढरा नऊ. गिऱ्हाइकाच्या जन्मतारखेप्रमाणे पट्टे निवडून द्यावेत. 26 तारखेला लाल आणि निळा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी अशी जोडी बोटावर मोजून वाचतील आणि मैत्रिणींनाही सांगतील.

प्रश्न : माझी वर्षाची विक्री दोन-अडीच लाखांच्या पुढे जात नाही. जीएसटी क्रमांक घ्यावा का? उद्यम नोंदणी करून देण्यासाठी एक जण दोन हजार रुपये मागतो.
— एक वाचक, लातूर

उत्तर : उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंद, शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. आधार आणि पॅन क्रमांक जवळ असतील, तर घरबसल्या करता येते. दोन हजार रुपये वाचवावेत. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास साधारणपणे 40 लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठविताना एरवी पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते, परंतु हस्तकला म्हणून अधिसूचित केलेल्या वस्तूंना 20 लाखांपर्यंत त्यातून सूट आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना राज्यांतर्गत विक्री ऑनलाइन बाजारपेठेतूनही करता येते. आपली वस्तू अधिसूचित यादीत बसते की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन सीएकडे जावे.

प्रश्न : मी बाळाच्या जन्मवेळेचे आकाश कापडावर भरून देते. दोन गिऱ्हाइकांनी ‘पूर्व-पश्चिम उलटी झाली आहे’ म्हणून माल परत पाठविला. मी नकाशा तारांगण सॉफ्टवेअरवरून घेतला होता. पुढच्या वेळी दिशा बदलू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपया बदलू नका. जमिनीचा नकाशा आपण खाली पाहून वाचतो आणि आकाशाचा वर पाहून. दक्षिणेकडे तोंड करून नकाशा डोक्यावर धरला, की उत्तर वर असताना पूर्व डाव्या हाताला येते. आपला नकाशा बरोबर होता, गिऱ्हाईक चुकले.

माझ्या बाबतीत मात्र उलट घडले होते. सुरुवातीच्या काळात मी मृग नक्षत्राच्या सात रिंगा (गोल चौकटीत ताणलेल्या कापडावरचे नकाशे) एका दमात भरल्या. मृगातील काक्षी हा तारा तांबूस असतो आणि राजन्य निळसर पांढरा, म्हणून दोऱ्याच्या छटा शोधण्यात मी दोन दिवस घालविले होते. व्याधाची प्रत (तेजस्वितेचे माप; ते जितके कमी, तितका तारा तेजस्वी) उणे 1.46, म्हणून त्याची गाठ सहापदरी दोऱ्याची आणि फिकट ताऱ्यांची एकपदरी, असा नियमही मी ठरविला होता. आकृती मात्र कापडाच्या मागच्या बाजूने गिरविली होती. सहा रिंगा विकल्या गेल्या आणि कोणी काही बोलले नाही. सातवी एका निवृत्त शिक्षकांनी हातात घेतली, क्षणभर डोक्यावर धरली आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, काक्षी डावीकडे वर हवा, तुमच्याकडे तो उजवीकडे आहे.’ पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, 1944 पासून आकाशनिरीक्षण करणाऱ्या संस्थांमुळे आपल्याकडे असे डोळस लोक गावोगावी भेटतात, आणि आपला खरा ग्राहक तोच आहे. त्या सहाही जणांना मी नव्या रिंगा पाठविल्या. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

आपण दोन गोष्टी कराव्यात. दिवसा जन्मलेल्या बाळाच्या नकाशात सूर्य क्षितिजाच्या वर असतो आणि तारे असूनही दिसत नाहीत, हे मागणी घेतानाच सांगावे, नाहीतर त्यावरूनही वाद होतो. आणि ही जन्मकुंडली नव्हे, हेही सांगावे. मंगळ कोणत्या स्थानी आहे असे विचारणारी पत्रे मला अजून येतात. दुसरे असे, की रिंगेच्या मागे चारही दिशा लिहिलेली चिठ्ठी शिवावी आणि तिच्यावर एकच ओळ घालावी : ‘दक्षिणेकडे तोंड करून हा नकाशा डोक्यावर धरून पाहावा.’ मी ती चिठ्ठी लावू लागल्यापासून दिशेच्या कारणावरून एकही रिंग परत आलेली नाही.